इंजिनिअरांच्या घरचं वर्गमूळ

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा जो पेपर असतो, ज्याला मुलं 'एम-थ्री' म्हणतात, त्यात बऱ्याच शाखांना संमिश्र चलांचं एक युनिट असतं. कोशी-रीमान समीकरणं, कोशीचं इंटिग्रल, रेसिड्यू आणि शेवटी मॅपिंग. पुस्तकात ते ज्या थाटात येतं त्यावरून वाटावं, की शुद्ध गणितज्ञांनी स्वतःच्या करमणुकीसाठी हे सगळं रचलं आणि पुढे कोणीतरी ते इंजिनिअरांच्या गळ्यात बांधलं. उणे एकाचं वर्गमूळ घेऊन यंत्रशाळेत काय करायचं, हा प्रश्न मुलांच्या मनात असतो. बाईंना विचारण्याची सोय नसते, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो.

या गणिताचा माग काढत गेलं की मात्र उलटंच निघतं. त्याच्या वंशावळीत दलदल उपसणारा एक माणूस आहे, जमिनीची मोजणी करणारा आहे, बंदराच्या बांधकामावर नोकरी केलेला आहे आणि तारायंत्रावर बसलेला आहे. गणितज्ञ अर्थातच आहेत, पण हे मूल जन्मलं आणि वाढलं ते इंजिनिअरांच्याच घरात.

जन्माच्या आधी नकार आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त सांगून टाकलं की ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नाही, त्यामुळे तिला मूळ नाही. तीनशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी बीजगणितात तेच म्हटलं. हे भास्कराचार्य म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या कुळाची हकिकत कोरलेली आहे ते. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने तिथे मठ उभारला होता. धनाचा वर्ग धन, ऋणाचा वर्गही धन, मग ऋणाचं मूळ आणायचं कुठून? युक्तिवाद बिनतोड आहे. त्यांना भित्रे ठरवण्याची चूक काही लेखक करतात, ती करू नये. एखाद्या शेतकऱ्याने परिमिती २० आणि क्षेत्रफळ ४० असलेलं आयताकृती शेत मागितलं तर 'असं शेत नाही' हेच खरं उत्तर आहे, कारण त्या परिमितीत २५ पेक्षा जास्त क्षेत्रफळ मावतच नाही. वर्गसमीकरण अडलं की ते खरोखरच अडलेलं असतं. कोणी जबरदस्ती केल्याशिवाय ऋणाचं मूळ काढायचं कारणच नव्हतं.

ती जबरदस्ती घन समीकरणाने केली.

सोळाव्या शतकात इटलीत घन समीकरणांच्या सूत्रावरून मोठी चुरस चालली होती. बोलोन्याच्या देल फेर्रोने ते आधी शोधून लपवून ठेवलं, तार्ताल्याने स्वतंत्रपणे शोधलं, कार्दानोने त्याच्याकडून शपथेवर मिळवलं आणि १५४५ साली 'आर्स माग्ना' या ग्रंथात छापून टाकलं. शपथभंगाच्या भांडणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते इथे सोडून देतो. आपल्या कामाचं एवढंच की त्याच ग्रंथात कार्दानोने वरच्या शेताचंच गणित घातलं: १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा. उत्तर त्याने दिलं, ५ + √−१५ आणि ५ − √−१५. बेरीज १०, गुणाकार २५ + १५ म्हणजे ४०. मनाला होणारा त्रास बाजूला ठेवून हा हिशोब करावा आणि तो जितका सूक्ष्म तितकाच निरुपयोगी आहे, असा शेराही त्याने मारला. वर्गसमीकरणापुरतं बोलायचं तर शेरा बरोबर होता.

आता राफाएल बोम्बेल्ली. जन्म बोलोन्याचा, १५२६ चा. वडील लोकरीचे व्यापारी. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता, एका इंजिनिअर-वास्तुकाराच्या हाताखाली तयार झालेला होता. रोमच्या एका बड्या धर्माधिकाऱ्याने टस्कनीतल्या व्हाल दि क्याना या दलदलीच्या खोऱ्यातून पाणी काढून जमीन लागवडीखाली आणण्याचं काम घेतलं होतं, त्यावर बोम्बेल्लीची नेमणूक झाली. १५५५ च्या सुमारास ते काम काही वर्षांसाठी थांबलं. काम बंद, हाताला रिकामा वेळ. त्या वेळात त्याने बीजगणितावर पुस्तक लिहायला घेतलं. (पुढे रोममधला सांता मारिया पूल दुरुस्त करण्याचा त्याचा प्रयत्न साफ फसला. तो पूल शतक संपण्याआधी पुरात गेला आणि उरलेली एक कमान आजही 'तुटका पूल' म्हणूनच ओळखली जाते.)

बोम्बेल्लीने घेतलेलं समीकरण होतं क्ष³ = १५क्ष + ४. याचं उत्तर शोधायला सूत्र लागतच नाही. क्ष = ४ ठेवून पाहा: डावीकडे ६४, उजवीकडे ६० + ४. उत्तर अगदी समोर आहे, धन आहे, पूर्णांक आहे. पण कार्दानोचं सूत्र लावलं की ते सांगतं, उत्तर म्हणजे २ + √−१२१ चं घनमूळ अधिक २ − √−१२१ चं घनमूळ. आता 'असं शेत नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. शेत आहे, आपण त्यात उभे आहोत आणि तिथे पोचायचा रस्ता मात्र ऋण वर्गमुळाच्या दलदलीतून जातो.

बोम्बेल्लीने जे केलं ते एखाद्या कंत्राटी इंजिनिअरने करावं तसंच. ही संख्या आहे की नाही, या वादात तो पडला नाही. तिच्यासाठी गुणाकाराचे नियम ठरवले आणि हिशोब पुढे रेटला. २ + √−१ चा घन केला: ८, त्यात १२√−१, मग उणे ६, मग उणे √−१. सगळं जमवलं की २ + ११√−१, आणि √−१२१ म्हणजेच ११√−१. म्हणून पहिलं घनमूळ २ + √−१, दुसरं २ − √−१. बेरीज केली की काल्पनिक भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ४. हे आधी आपल्याला हातचलाखीसारखं वाटलं, असं त्याने स्वतःच नोंदवलं आहे. पुस्तक १५७२ साली आलं, त्याच वर्षी तो वारला.

पुढची दोन शतकं झटपट ओलांडू. देकार्तने १६३७ साली या मुळांना 'काल्पनिक' म्हटलं आणि ते चिकटलं. लायब्निट्सला ती असण्या-नसण्याच्या सीमेवरची वाटली. ऑयलरने १७४८ साली घातांक आणि साइन-कोसाइन यांना एका सूत्रात बांधलं, १७७७ मध्ये √−१ साठी 'आय' हे अक्षर वापरलं. हिशोब सर्रास चालले होते, पण ही संख्या नक्की कुठे असते, हे कोणी दाखवू शकत नव्हतं.

ते दाखवलं कास्पार वेसेल नावाच्या सर्व्हेअरने. मूळचा नॉर्वेचा, नोकरी डेन्मार्कच्या मोजणी खात्यात, काम नकाशे करण्याचं. मोजणीदाराला दिवसभर दोनच गोष्टी हाताळायच्या असतात: लांबी आणि दिशा. दिशेसकट रेघांची बेरीज-गुणाकार कसा करायचा, याचं टिपण त्याने १० मार्च १७९७ रोजी डॅनिश अकादमीपुढे वाचलं. गुणाकाराचा त्याचा नियम असा: लांब्या गुणा, कोन मिळवा. या नियमात √−१ म्हणजे एक एकक लांबीची, ९० अंशांवर उभी रेघ. तिने गुणणं म्हणजे काटकोनात वळणं. शाळेच्या कवायतीत दोनदा 'बाये मूड' केलं की माणूस 'पीछे मूड'च्या स्थितीत येतो. तसंच या रेघेने दोनदा गुणलं की उणे एक. गूढ म्हणावं असं काही शिल्लक राहत नाही. वेसेलचं टिपण १७९९ साली छापलं गेलं, पण डॅनिश भाषेत. ते जवळपास शंभर वर्षं कोणाच्या डोळ्यांखालून गेलं नाही. दरम्यान १८०६ मध्ये पॅरिसला आर्गांने तेच चित्र काढलं, १८३१ मध्ये गाउसने आपलं वजन त्यामागे उभं केलं, आणि वेसेलचं नाव पुस्तकाच्या तळटिपेत गेलं. मोजणी खात्यातल्या माणसांचं असंच होतं.

ज्याच्या नावाचा मुलांना सर्वांत जास्त धाक, तो ऑगस्टीन-लुई कोशीही शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. पॅरिसच्या पूल आणि रस्ते खात्याच्या विद्यालयातून बाहेर पडून १८१० साली तो शेरबूरला गेला. तिथे नेपोलियनच्या आरमारासाठी बंदर बांधणं चालू होतं. बरोबरच्या सामानात लाप्लास आणि लाग्रांज यांचे ग्रंथ होते. तब्येत बिघडल्यावर परत आला, आणि १८१४ साली त्याने निश्चित इंटिग्रलांवरचं टिपण अकादमीला सादर केलं. कोशीच्या प्रमेयाचं बीज त्यात आहे. १८२५ मध्ये काल्पनिक मर्यादांमधलं इंटिग्रल आलं.

आणि कोशी-रीमान समीकरणं? ती ना कोशीने पहिल्यांदा लिहिली ना रीमानने. दालांबेअरच्या १७५२ सालच्या द्रवांच्या प्रतिरोधावरच्या पुस्तकात ती आहेत. वाहत्या पाण्यात कुठे साठा होत नाही आणि कुठे भोवरा नाही, या दोन अटी घातल्या की वेगाच्या दोन घटकांवर पडणारी बंधनं म्हणजेच ती समीकरणं. रीमानने १८५१ च्या प्रबंधात त्यांना सिद्धांताच्या पायाशी बसवलं, हे त्याचं श्रेय. पण आपण पाण्याचं नाव न घेता ती समीकरणं शिकवतो, आणि मग मुलं ती पाठ करतात.

यानंतर वीज. इथे जरा रेंगाळायला हवं.

१८८० च्या दशकात एसी वीज आली आणि इंजिनिअरांची पंचाईत झाली. डीसीच्या सर्किटला ओहमचा नियम पुरतो. व्होल्टेज भागिले रोध, झाला करंट. एसीमध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्ही साइनच्या लाटा. कॉइल असली की करंटची लाट मागे पडते, कपॅसिटर असला की पुढे धावते. प्रत्येक सर्किटसाठी डिफरन्शियल समीकरण मांडा, त्रिकोणमितीची सूत्रं लावा, दोन पानं भरा. दुसरा मार्ग भूमितीचा: बाणांच्या आकृत्या काढून मोजपट्टीने उत्तर काढायचं. सर्किट जरा मोठं झालं की दोन्ही रस्ते बंद. हेविसाइडने १८८६ साली 'इम्पीडन्स' ही राशी मांडली होती, पण सामान्य इंजिनिअरच्या हातात बसेल असं साधन अजून नव्हतं.

ते दोघांनी १८९३ मध्ये दिलं. पहिला आर्थर केनेली. याचा जन्म मुंबईतला, कुलाब्याचा, १७ डिसेंबर १८६१. लहानपणीच आई गेली आणि तो युरोपात गेला. शाळा लवकर सुटली, समुद्राखालच्या तारांच्या कंपनीत नोकरी करत विद्युतशास्त्र तो स्वतःच शिकला आणि १८८७ पासून एडिसनचा साहाय्यक झाला. गंमत अशी की एडिसन डीसीचा कट्टर कैवारी, आणि त्याच्याच प्रयोगशाळेतल्या या माणसाने एप्रिल १८९३ मध्ये अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेपुढे 'इम्पीडन्स' हा निबंध वाचला. त्यात सांगितलं होतं की रोध ही आडवी रेघ धरा, कॉइलचा रिॲक्टन्स उभी रेघ धरा, दोघांची मिळून एक संमिश्र संख्या करा, आणि ओहमचा नियम जसाच्या तसा वापरा.

दुसरा चार्ल्स स्टाइनमेट्झ. ब्रेस्लाऊचा गणिताचा विद्यार्थी, समाजवादी चळवळीत गुंतलेला. १८८८ साली अटक टाळण्यासाठी जर्मनीतून पळाला आणि वर्षभरात न्यूयॉर्कला उतरला. ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्याने संमिश्र राशींवरचा निबंध मांडला. केनेलीने इम्पीडन्सला संमिश्र केलं होतं. स्टाइनमेट्झने व्होल्टेज आणि करंटच्या लाटाही संमिश्र संख्या म्हणूनच लिहिल्या. लाटेची वारंवारता सगळीकडे सारखीच असल्यामुळे ती हिशोबात वागवायची गरज नाही, उरतात फक्त उंची आणि कोन. आणि या दोन गोष्टींसाठी वेसेलने ९६ वर्षांपूर्वी नियम देऊनच ठेवले होते. 'आय' हे अक्षर करंटने आधीच अडवलेलं, म्हणून √−१ साठी 'जे'. तेव्हापासून गणिताच्या वर्गात 'आय' आणि इलेक्ट्रिकलच्या वर्गात 'जे'.

किती कष्ट वाचले ते एका उदाहरणात दिसेल. २३० व्होल्टच्या लाइनवर ३ ओहम रोध आणि ४ ओहम रिॲक्टन्स असलेली कॉइल जोडली. इम्पीडन्स ३ + जे४. लांबी ५, कोन सुमारे ५३ अंश. करंट २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर, व्होल्टेजच्या ५३ अंश मागे. संपलं. खरी शक्ती ६३४८ वॉट, रिॲक्टिव्ह ८४६४ व्हीएआर, पॉवर फॅक्टर ०.६. यातल्या 'जे'च्या वाट्याचे ८४६४ काहीच काम करत नाहीत, पण ते वाहून नेण्यासाठी तार जाड लागते आणि ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. काल्पनिक भाग कुठे असतो असं विचारणाऱ्याने भोसरीतल्या एखाद्या कारखानदाराला भेटावं. पॉवर फॅक्टर घसरला की बिल कसं फुगतं आणि कपॅसिटर बँक का बसवावी लागते, हे तो न अडखळता सांगेल.

काळही अनुकूल होता. त्याच वर्षी शिकागोचं जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या एसीने उजळलं आणि नायगाराच्या वीजघरासाठी एसीची निवड झाली. नोव्हेंबर १८९६ मध्ये ती वीज बफेलोला पोचली. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली वीजही एसीच. इतक्या लांब लाइनचा हिशोब मोजपट्टीने होणारा नव्हता. तरी पद्धत एका रात्रीत रुळली नाही. बहुतेक इंजिनिअरांना संमिश्र संख्या माहीतच नव्हत्या. स्टाइनमेट्झने १८९७ मध्ये पाठ्यपुस्तक काढलं, मग युनियन कॉलेजात व्याख्यानं दिली आणि ती १९११ मध्ये छापली. त्या पुस्तकाचं नाव 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स', आणि पहिलंच प्रकरण संख्यांच्या विस्ताराचं, संमिश्र संख्येपर्यंत नेणारं. आपल्या 'एम-थ्री'चं कूळ कुठलं, हे वेगळं सांगायला नको.

हेविसाइडचा उल्लेख अपुरा राहिला. हा माजी तारयंत्रचालक, गणित स्वतःच शिकलेला. डिफरन्शिएशनला सरळ बीजगणितातल्या अक्षरासारखं वागवून तो सर्किटची उत्तरं काढायचा. ती बरोबर यायची, पण सिद्धता नसायची, म्हणून रॉयल सोसायटीने १८९४ मध्ये त्याचा लेख नाकारला. १९१६ साली ब्रॉमविचने दाखवलं की त्या हिशोबामागे कोशीचं संमिश्र प्रतलातलं इंटिग्रल आहे. लाप्लास ट्रान्सफॉर्म उलटा फिरवताना रेसिड्यू का काढतात, याचं कारण तिथे आहे. उत्तर तारवाल्याचं, खुलासा गणितज्ञाचा, असा हा क्रम आहे. अभ्यासक्रमात तो नेमका उलटा लावलेला असतो.

फीडबॅकचीही अशीच कथा. १९२७ साली बेल टेलिफोनच्या हॅरोल्ड ब्लॅकने ॲम्प्लिफायरचा आउटपुट उलटा करून परत इनपुटला देण्याची युक्ती काढली. आवाज स्वच्छ झाला, पण काही वेळा यंत्रच शिट्टी घालू लागे. कधी घालेल, कधी नाही? हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये उत्तर दिलं: वारंवारता बदलत जा, संमिश्र प्रतलावर वक्र काढा, तो उणे एक या बिंदूला किती वेढे घालतो ते मोजा. हे कोशीचंच तत्त्व, पण मोजणी कागदावर करता येणारी. आज रॉकेटपासून मोटरच्या ड्राइव्हपर्यंत हीच कसोटी लावतात.

मॅपिंगला तर मुलं चक्क ऑप्शनला टाकतात, आणि याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. विमानाला वर उचलणारं बल किती, याचा हिशोब करायचा तर पंखाभोवतीचा प्रवाह हवा. पंखाचा आकार वेडावाकडा, वर्तुळाभोवतीचा प्रवाह मात्र आधीच सुटलेला. म्युनिकच्या कुट्टाने १९०२ मध्ये आणि मॉस्कोच्या झुकोव्हस्कीने त्याच दशकात हा प्रश्न हाती घेतला. झुकोव्हस्कीच्या नावाने ओळखलं जाणारं मॅपिंग इतकं साधं आहे की विश्वास बसत नाही: बिंदू घ्या, त्यात त्याचाच व्यस्त मिळवा. वर्तुळाचा पंख होतो, आणि वर्तुळाभोवतीचा प्रवाह पंखाभोवतीचा प्रवाह होतो, कारण दालांबेअरची ती पाण्याची समीकरणं या बदलात मोडत नाहीत.

शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. व्याख्या आणि प्रमेयं फळ्यावर येण्याआधी बोम्बेल्लीचं समीकरण आणि ३ + जे४ ची कॉइल येऊ द्या. दोन्ही मिळून एक तास पुरतो. आणि तुम्ही विद्यार्थी असाल, किंवा कधीकाळी होतात, तर आलेख कागदावर एक वर्तुळ काढा. केंद्र (−०.१, ०.१) धरा आणि वर्तुळ (१, ०) या बिंदूतून जाऊ द्या. त्यावरचे पंचवीसेक बिंदू घेऊन प्रत्येकात त्याचा व्यस्त मिळवा आणि आलेले बिंदू जोडा. कॅल्क्युलेटर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. उजवीकडे टोकदार शेपूट असलेला विमानाचा पंख तयार होईल.